तापलेल्या यंत्राची तक्रार

हिरवळ कापणारे यंत्र ही मूळची इंग्लंडची देणगी. ग्लॉस्टरशर परगण्यातील एडविन बडिंग या कारागिराने १८३० साली त्याचे पेटंट घेतले. कापडावरची लव कातरणारी गिरणीतील यंत्रे पाहून त्याला ही कल्पना सुचली, असे सांगतात. बडिंगचे यंत्र माणूस ढकलीत असे. १९०२ साली इप्सविचच्या रॅन्सम्स कंपनीने पेट्रोलवर चालणारे यंत्र विक्रीस आणले. ढकलणाऱ्याचे श्रम हलके झाले खरे. पण इंजिनाचे रुसवेफुगवेही तेव्हापासून त्याच्या वाट्याला आले.

त्यांतला एक रुसवा मोठा चमत्कारिक आहे. सकाळी गार असताना यंत्र पहिल्या-दुसऱ्या झटक्याला सुरू होते आणि अर्धा-पाऊण तास बिनतक्रार चालते. गवताची टोपली रिकामी करण्यासाठी माळी ते थांबवतो, आणि मग दोरी ओढून ओढून खांदा भरून आला तरी ते दाद देत नाही. दुरुस्तीसाठी कारखान्यात पाठवावे, तर तेथे पोहोचेपर्यंत ते निवलेले असते व मुकाट्याने सुरू होते. ‘दोष आढळला नाही’ असा शेरा घेऊन यंत्र परत येते, आणि दोष उरतो तो माळ्याच्या माथी!

वस्तुतः माळी खरे सांगत असतो आणि कारागीरही खोटे बोलत नसतो. हा दोष उष्णतेबरोबर प्रकटतो आणि उष्णतेबरोबरच मावळतो. म्हणून त्याची परीक्षा यंत्र तापलेले असतानाच, हिरवळीवरच व्हावयास हवी. मात्र दोन पथ्ये कटाक्षाने पाळावीत. तापलेल्या इंजिनात पेट्रोल ओतू नये. आणि पात्याला हात लावण्यापूर्वी स्पार्क-प्लगची तार काढून बाजूला ठेवावी.

इंजिनाला इंधन, ठिणगी आणि दाब या तीन गोष्टी लागतात. त्यांतली कोणती हरवली, एवढेच शोधावयाचे असते. प्रथम टाकीचे झाकण हलकेच सैल करावे. पेट्रोल खाली उतरेल तशी वरून हवा आत यावी म्हणून बहुधा झाकणातच बारीक छिद्र असते. ते धुळीने बुजले की टाकीत पोकळी निर्माण होते व पेट्रोलचा प्रवाह खुंटतो. झाकण सैल करताच हवा आत ओढली गेली आणि यंत्र चालू झाले, तर रोग सापडला. छिद्र साफ केले की काम झाले.

तसे न घडल्यास हात सांभाळून प्लग काढावा व त्याचे टोक पाहावे. ते कोरडे असेल, तर इंधन पोहोचत नाही. ओले असेल, तर इंधन फाजील झाले आहे किंवा ठिणगी पडत नाही. यंत्र थांबताच त्याला गार ठेवणारा वाराही थांबतो आणि सिलिंडरची धग कार्ब्युरेटरकडे सरकते. पेट्रोलमधील हलके घटक ३५ ते ४० अंश सेल्सिअसच्या सुमारासच उकळू लागतात. त्यांची वाफ कधी इंधनाची वाट अडवते, तर कधी नको तितके इंधन आत लोटते. अशा वेळी चोक लावणे म्हणजे बुडत्याला पाणी पाजणे होय. चोक उघडा ठेवून थोडा धीर धरावा.

ठिणगीच पडत नसेल, तर संशय कॉइलवर घ्यावा. ठिणगीची ही परीक्षा सांडलेल्या पेट्रोलपासून दूर राहून, त्यासाठी मिळणाऱ्या साधनानेच करावी. कॉइलमध्ये केसासारख्या तांब्याच्या तारेचे वेटोळे असते. उष्णतेने ती प्रसरण पावली की एखादा तुटका सांधा विलग होतो, अथवा तिचे आवरण दगा देते. निवल्यावर सारे पुन्हा जुळून येते! अशी कॉइल बदलणे हाच उपाय.

इंधन आहे, ठिणगी आहे, पण गार असतानाच्या मानाने दोरी फारच हलकी लागते, असे असेल तर झडपा पाहाव्यात. तापल्यावर झडपेचा दांडा लांबतो. त्यासाठी सोडलेली फट अपुरी पडली की झडप पुरती मिटत नाही आणि दाब निसटून जातो. ही फट यंत्रासोबतच्या पुस्तिकेत दिलेल्या मापाने पुन्हा बसवून घ्यावी.

पुष्कळदा या सर्वांच्या मुळाशी गवताचा चुरा असतो. सिलिंडरवरील पंखांसारख्या पट्ट्यांत तो साचला, की उष्णतेला बाहेर पडावयास वाटच उरत नाही. त्या पट्ट्या साफ ठेवण्यास एक ब्रश आणि पाच मिनिटे पुरतात.

तरीही यंत्र कारखान्यात धाडणे प्राप्तच झाले, तर सोबत माळ्याने सांगितलेल्या चार ओळी लिहून द्याव्यात: यंत्र किती वेळ चालले, थांबल्यावर किती वेळाने पुन्हा सुरू झाले, प्लग ओला होता की कोरडा, आणि दोरी जड लागली की हलकी. एवढे हाती आले, तर कारागीर यंत्र पुरेसे तापवून मगच तपासील, आणि माळ्याचा बोलही खरा ठरेल.