नेटजवळचा बॅकहँड

टेनिस शिकायला येणाऱ्या मुलांचे पालक मला एक प्रश्न हमखास विचारतात. ‘सर, सामने बेसलाइनवरून जिंकले जातात. मग नेटवर एवढा वेळ कशाला?’ श्रोतेहो, प्रश्न रास्त आहे. बारा वर्षांचं पोर नेटजवळ आलं, की समोरचा त्याच्या डोक्यावरून चेंडू उडवतो आणि गुण घेतो. विम्बल्डनच्या 2002च्या अंतिम सामन्यात तर ह्युईट आणि नालबँडियन दोघेही बेसलाइनवरूनच लढले.

तरीही मी नेट सोडत नाही. त्यातही बॅकहँड व्हॉली. बहुतेक मुलं आता बॅकहँड दोन्ही हातांनी मारतात. नेटजवळ वेळ कमी, आणि दोन्ही हात रॅकेटला चिकटलेले असले की पोचही कमी. शिवाय थेट अंगावर आलेला चेंडू बहुधा याच बाजूनं अडवावा लागतो.

शिकवायचं तसं थोडंच असतं. हातोडी धरतो तशी रॅकेट धरायची. नेटजवळ ग्रिप बदलायला सवड नसते. उजव्या हातानं खेळणाऱ्यानं डावा हात रॅकेटच्या गळ्याशी ठेवून खांदा वळवायचा, उजवा पाय तिरका पुढे टाकायचा आणि चेंडू शरीराच्या पुढेच गाठायचा. त्या क्षणी डावा हात सुटून मागे जातो आणि तोल सांभाळतो. फटका लांबवायचा नाही. दारावर थाप मारावी, एवढंच.

रॅकेट मागे नेण्याची खोड मोडायला मी मुलांना भिंतीला पाठ लावून उभं करतो. रॅकेट मागे गेली, की भिंतच सांगते. पुढे हातानं सावकाश चेंडू टाकायचा, मग पलीकडच्या सर्व्हिस लाइनवरून, म्हणजे नेटपासून 21 फुटांवरून, रॅकेटनं.

खरी अडचण हाताची नसते, डोळ्यांची असते. चेंडू तोंडाशी आला की डोळे मिटतात. म्हणून सुरुवातीला मऊ चेंडू वापरावा. भीती दटावून जात नाही, सवयीनं जाते.

लिअँडर पेसचं दुहेरीतलं यश नेटवरच्या हातानं कमावलेलं होतं. रोहन बोपण्णानं 2024 साली 43व्या वर्षी ऑस्ट्रेलियन ओपनची पुरुष दुहेरी जिंकली. पाय मंदावले तरी ही विद्या साथ देते.

बाराव्या वर्षी चार सामने हरले तरी चालतील. पण चेंडू येताना दिसला की मागे सरकायचं, ही सवय एकदा अंगात मुरली की सुटता सुटत नाही.