शाळेतली निवडणूक आणि हरलेले मूल



या व्यासपीठावरून राज्यघटना, अर्थकारण, संतवाङ्मय अशा भारदस्त विषयांवर बोलणे होते. त्यांच्या शेजारी शाळेतल्या वाङ्मयमंडळाच्या चिटणिसाची निवडणूक आणून बसवणे कोणाला पोरकटपणाचे वाटेल. परंतु निवडणूक म्हणजे काय हे मूल नागरिकशास्त्राच्या पुस्तकातून शिकत नाही. ते शिकते वर्गात चिठ्ठ्या वाटल्या जातात तेव्हा. आणि त्या चिठ्ठ्यांत लबाडी झाली, तर तेही ते तिथेच शिकते.

माझ्या शिक्षकी पेशातली एक हकीकत सांगतो. शाळेचे नाव सांगण्याचे कारण नाही. चिटणीसपदासाठी एक मुलगी आणि एक मुलगा उभे होते. मुलाच्या वडिलांनी इमारत फंडाला बरी देणगी दिलेली होती. चिठ्ठ्या एका टोपीत गोळा झाल्या, एका तुकडीच्या तर शाळा सुटल्यावर, निम्मी मुले घरी गेल्यानंतर. मोजणी शिक्षकांच्या खोलीत, दार लावून झाली. दुसऱ्या दिवशी फळ्यावर मुलाचे नाव लागले. मतांचे आकडे नव्हते. मुलीने आकडे विचारले तेव्हा “चिठ्ठ्या टाकून दिल्या” असे उत्तर मिळाले.

ती घरी जाऊन रडली, यात नवल नाही. ध्यानात घेण्याजोगे आहे ते घरच्यांनी काय सांगितले ते. आई म्हणाली, “जाऊ दे, अभ्यासाला वेळ मिळेल.” वडील म्हणाले, “खिलाडूवृत्ती ठेव.” आणि काका म्हणाले, “बाळ, जगात असेच चालते.” तिघांचाही जीव तिच्यावर होता, पण तिघांपैकी कोणीच तिला काय लागले आहे ते विचारले नाही.

हरण्याचे दुःख निराळे आणि अन्यायाचे निराळे. पहिल्यावर वेळ हेच औषध. चार दिवसांनी मूल पुन्हा खेळायला जाते. दुसरे मात्र वेळ जाईल तसे आत मुरते. या दुसऱ्या दुःखाला आपण पहिल्याचे औषध देतो, आणि ते लागू पडले नाही म्हणजे मूल हट्टी आहे असे म्हणतो. खिलाडूवृत्ती हा शब्द मला प्रिय आहे. पण ती खेळातली वृत्ती आहे, आणि खेळात नियम पाळले जातात असे त्यात गृहीत आहे. पंचानेच डोळे मिटले असता खेळाडूला खिलाडूवृत्ती सांगणे म्हणजे पंचाची सोय करणे होय. काकांचे वाक्य तर मला सर्वांत घातक वाटते. ते ऐकून मूल शांत होते खरे; पण उद्या मोठेपणी मतदानाच्या दिवशी सुट्टी म्हणून झोपून राहणारा गृहस्थ अशाच वाक्यांतून तयार होतो.

मग करावे काय? आधी एक कटू गोष्ट केली पाहिजे. अन्याय खरोखर झाला का, हे मुलाबरोबर बसून पाहिले पाहिजे. मैत्रिणींनी मत देऊ म्हणून सांगितले आणि दिले नाही, हा अन्याय नव्हे. तो मतदाराचा हक्क आहे. दुसरा गोड बोलतो, हाही अन्याय नव्हे. मते चुकीच्या वेळी घेतली, मोजणी लपवली, चिठ्ठ्या नाहीशा केल्या, हा अन्याय. पुष्कळदा या चाळणीतच तक्रारीचा मोठा भाग गळून जातो. जो उरतो, तो मुलाने आपल्या हाताने कागदावर लिहावा, मुख्याध्यापकांना द्यावा, आणि कोणालाही दूषण न देता काय घडले तेवढेच लिहावे. बापाने शाळेत जाऊन भांडण मांडू नये. बाप गेला की तंटा दोन बापांचा होतो आणि मूल बाजूला राहते.

मोठ्यांनाही हे चुकलेले नाही. प्राचीन रोममधल्या धाकट्या केटोची कथा प्लूटार्कने लिहून ठेवली आहे. इ. स. पूर्व 55 मध्ये तो प्रेटर या अधिकारपदासाठी उभा राहिला. पहिल्याच गटाची मते त्याला पडली, तेव्हा विरोधातल्या पाँपेने आपल्याला ढगांचा गडगडाट ऐकू आल्याचे सांगून सभाच मोडली! गडगडाट हा अपशकुन मानीत. पुढे पैसे वाटून वॅटिनियस नावाच्या माणसाला निवडून आणले गेले. केटो पुढच्या वर्षासाठी पुन्हा उभा राहिला आणि निवडून आला. आणि त्या वर्षी ट्रिब्यूनपदाच्या उमेदवारांनी आपसांत ठरवून मोठी रक्कम त्याच्याकडे अनामत ठेवली; जो लाच देईल त्याने ती गमवावी, आणि निवाडा केटोने करावा. लबाडीने हरवलेल्या माणसावरच लोकांनी पंचाचे काम सोपवले.

आपल्याकडचे उदाहरण अधिक जवळचे आहे. 1952 च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर उत्तर मुंबईत नारायणराव काजरोळकरांकडून पराभूत झाले. त्या दुहेरी मतदारसंघात प्रत्येकाला दोन मते होती आणि दोन्ही एकाच उमेदवाराला दिल्यास एक बाद होई. मते मुद्दाम वाया घालवण्याचा प्रचार झाला, अशी बाबासाहेबांची तक्रार होती. त्यांनी अशोक मेहतांसह रीतसर अर्ज केला. तो मान्य झाला नाही. त्याच वर्षी ते राज्यसभेत गेले आणि 1954 मध्ये भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीला पुन्हा उभे राहिले. तिथेही हरले. ज्यांच्या हातून घटनेचा मसुदा झाला त्या पुरुषालाही निवडणुकीने दोनदा नाकारले, आणि तरी त्यांनी निवडणुकीची वाट सोडली नाही, हे आपल्या मुलांना का सांगू नये?

आता त्या मुलीचे. तिने अर्ज दिला. उत्तर आले नाही. मंडळाचे हस्तलिखित मासिक निघत असे. तिचे अक्षर चांगले होते. निवडून आलेल्या मुलाच्या हाताखाली काम करावे की नाही, हे तिने मला विचारले. मी म्हणालो, मासिक त्याचे नाही, मंडळाचे आहे. मासिकासाठी कर, त्याच्या मर्जीसाठी करू नको. तिने वर्षभर पाने लिहिली. चिटणीस म्हणून खाली त्याची सही असे, आणि ती पाहून तिचा चेहरा दर वेळी उतरे, हेही मी पाहिले आहे. त्याला माझ्यापाशी उपाय नव्हता.

पुढच्या वर्षी मात्र एक बदल झाला. तो अर्ज एका तरुण शिक्षकाच्या हाती लागला होता. त्याच्या आग्रहामुळे चिठ्ठ्या कुलपाच्या पेटीत पडल्या आणि मोजणी सभागृहात, फळ्यावर रेघा ओढून झाली. यात नवे काहीच नाही. कांचीपुरमजवळच्या उत्तरमेरूर गावी चोळ राजा पहिला परांतक याच्या काळचा, इ. स. 920 च्या सुमाराचा, शिलालेख आहे. ग्रामसमितीची निवड करताना पात्र माणसांची नावे ताडपत्राच्या चिठ्ठ्यांवर लिहून मडक्यात टाकीत आणि एका लहान मुलाकडून एक चिठ्ठी काढवीत. ती घेणाऱ्याने पाचही बोटे पसरून उघड्या तळहातावर घ्यावी, मोठ्याने वाचावी, आणि मग इतरांनीही वाचावी असा नियम त्यात कोरलेला आहे. पूर्वी पदावर राहून ज्याने हिशेब दिला नाही, त्याचे नावच मडक्यात पडत नसे. हजार वर्षांपूर्वी एका खेड्याला जे सुचले, ते शाळेला सुचायला एका मुलीचा अर्ज लागला.

त्या दुसऱ्या निवडणुकीत ती मुलगी उभी नव्हती. फळ्यावर रेघा ओढण्याचे काम तिने मागून घेतले होते.