कृपासदनाची वाट
(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



पंडिता रमाबाईंविषयी बोलताना आरंभ बहुधा पुण्यापासून होतो. मराठी मुलखाबाहेर साठ वर्षे मराठी जपणाऱ्या या शाळेत तो सिलचरपासून करणे अधिक उचित ठरेल. रमाबाईंचा जन्म १८५८ साली कर्नाटकातील गंगामूळच्या अरण्यात झाला. ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या त्यांना १८७८ साली कलकत्त्यात लाभल्या. १८८० साली बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी विवाह झाल्यावर त्यांनी संसार थाटला तो आसामातील सिलचरला. तेथे घरातल्या पुस्तकांत त्यांना लूककृत शुभवर्तमानाची बंगाली प्रत सापडली. कलकत्त्यात भेट मिळालेले संस्कृत बायबल त्यांच्या मनाला भिडले नव्हते. या लहानशा बंगाली पुस्तकाने मात्र त्यांना धरून ठेवले.

त्यामागे एक जुनी भूक होती. अनंतशास्त्री डोंगरे यांच्या या कन्येने दुष्काळ पुस्तकात वाचलेला नव्हता, भोगलेला होता. १८७०च्या दशकातील दुष्काळात आईवडील आणि थोरली बहीण अन्नावाचून झिजून गेली. उरलेली दोन भावंडे, रमाबाई आणि श्रीनिवास, हजारो कोस पायी हिंडली. झेलमच्या काठी थंडी असह्य झाली, तेव्हा दोघांनी वाळूत खड्डे खणले, त्यांत शिरून अंगावर कोरडी वाळू ओढून घेतली आणि रात्र काढली. पुढे केडगावात अन्न मागणाऱ्या मुलींकडे त्यांनी ज्या नजरेने पाहिले, ती नजर या वाळूत घडलेली होती.

१८८२ साली पती पटकीने गेले. पदरी मनोरमा ही तान्ही मुलगी. पुण्यात आर्य महिला समाज स्थापन करून रमाबाई १८८३ साली इंग्लंडला निघाल्या, त्या वैद्यकीय शिक्षणाच्या इच्छेने. वाँटिज येथील भगिनींच्या मठात त्या राहिल्या आणि त्याच भगिनी लंडनमधील फुलहॅम येथे चालवीत असलेला आश्रम त्यांनी पाहिला. समाजाने ‘पतित’ म्हणून टाकलेल्या स्त्रिया तेथे होत्या. त्यांपैकी काही आता स्वतः रुग्णांची व दुर्बळांची शुश्रूषा करीत होत्या! रमाबाईंना नवल वाटले ते याचे. शास्त्रांत पारंगत असलेल्या या विदुषीने अशा स्त्रियांना शासन काय, हे वाचले होते. त्यांना घर काय, हे कोठे वाचले नव्हते. तुम्ही हे का करता, असे विचारल्यावर एका भगिनीने त्यांना विहिरीवर येशूला भेटलेल्या शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखविली. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला.

त्यांनी धर्म स्वीकारला तो मान तुकवून नव्हे. मठातील गुरूंशी त्यांचे वाद रंगत. क्रूसावर लॅटिन अक्षरे कशाला, आपली संस्कृत का नकोत, असे विचारण्याइतके स्वत्व त्यांच्यापाशी होते. शाकाहारही त्यांनी सोडला नाही.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन उघडले आणि पुढे ते पुण्यास आले. उच्चवर्णीय विधवांसाठी असलेल्या या संस्थेत धर्माच्या बाबतीत तटस्थ राहण्याचे वचन होते. परंतु बाई स्वतः प्रार्थना करीत तेव्हा दार उघडे असे आणि काही मुली येऊन बसत. १८९३ साली यावरून मोठा गहजब झाला. रानडे, भांडारकरांसारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले, ‘केसरी’ने टीकेची झोड उठविली, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. हा आक्षेप निव्वळ द्वेषातून आला, असे म्हणणे अन्यायाचे होईल. आश्रयाला आलेली अल्पवयीन मुलगी आश्रयदात्याच्या श्रद्धेपुढे कितपत स्वतंत्र असते, हा प्रश्न खराच आहे आणि तो कोणत्याही धर्माच्या आश्रमाला विचारावा. पण विचारणाऱ्यांनी मुलींना परत नेले ते कोठे, हेही विचारले पाहिजे. बहुतेकींची वाट त्याच अंधाऱ्या माजघराकडे जात होती.

मग १८९६-९७चा दुष्काळ आला. मध्य प्रांतातील उपासमारीच्या बातम्या ऐकून रमाबाई तेथे गेल्या आणि सुमारे तीनशे मुली व स्त्रिया घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध. म्हणून त्यांना केडगावच्या शेतावर तंबू व झोपड्यांत ठेवावे लागले. आता जात विचारण्याचा प्रश्नच उरला नाही. शारदासदनातील विधवा, ज्या कालपर्यंत स्वतः आश्रित होत्या, त्याच या सांगाडा झालेल्या मुलींना न्हाऊ घालू लागल्या, भरवू लागल्या, अक्षरे गिरवून घेऊ लागल्या. फुलहॅममध्ये जे पाहिले ते असे मराठी मातीत उतरले. त्यातून मुक्तिसदन उभे राहिले. १९००च्या गुजरातेतील दुष्काळानंतर तेथील संख्या दोन हजारांच्या घरात गेली. एवढ्या तोंडांना रोज दोन वेळा भाकरी घालायची म्हणजे विहिरी, शेती, गुरे, तेलघाणी, माग हे सारे आलेच. दया म्हटले की डोळ्यांसमोर अश्रू येतात. केडगावात डोळ्यांसमोर धान्याची कोठारे येत असत.

त्याच आवारात कृपासदन निघाले, फसविल्या गेलेल्या आणि टाकलेल्या स्त्रियांसाठी. अंध स्त्रियांना ब्रेल शिकविण्याच्या कामी मनोरमाबाई पुढे झाल्या. आवारात छापखाना होता आणि खिळे जुळविण्यापासून छपाईपर्यंतची कामे तेथील स्त्रियाच करीत. रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक शिकून, साध्या बायकांना कळेल अशा मराठीत केलेले बायबलचे भाषांतर याच छापखान्यात छापले गेले. १९२१ साली मनोरमाबाई गेल्या. त्या दुःखातही भाषांतराचे काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी केडगावातच देह ठेवला. संपूर्ण बायबल १९२४ साली बाहेर पडले. केडगावचे ते घर आजही चालू आहे.