सोलापूर–हैदराबाद रस्ता आणि आपण कामगार
(रेल्वे व टपाल कामगारांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



रेल्वेवाल्याने रस्त्यावर काय बोलावे, असे काहींना वाटेल. पण आपल्या रुळांवरचा माल ज्या रस्त्यावर गेला, तो रस्ता कुठून जातो आणि त्यावर कोण राबतो, हे आपण समजून घेतलेच पाहिजे.

सोलापूरहून हैदराबादला जाणारा महामार्ग नळदुर्ग, उमरगा, हुमनाबाद, जहीराबाद, संगारेड्डी, पटानचेरू असा जातो. लांबी सुमारे ३०० किलोमीटर. पुणे–मछलीपट्टणम राष्ट्रीय महामार्गाचा हा भाग. पूर्वी त्याचा क्रमांक ९ होता; २०१० च्या नव्या क्रमवारीत तो ६५ झाला. वाटेत तीन राज्ये लागतात : महाराष्ट्र, कर्नाटक आणि २०१४ पासून तेलंगणा.

आता आपला मार्ग पाहा. मुंबई–रायचूर लोहमार्ग १८७१ साली पुरा झाला. तो सोलापूरहून गुलबर्गा, वाडी असा दक्षिणेला उतरतो, कारण इंग्रजांना मद्रासची लाईन गाठायची होती. पुढे निजामाच्या राज्यात वाडी–सिकंदराबाद मार्ग १८७४ साली सुरू झाला. म्हणून हैदराबादची गाडी वाडीचा वळसा घेते आणि नळदुर्ग-उमरगा पट्टा रुळांपासून दूर राहिला. हुमनाबादला रेल्वे मिळाली ती बिदर–कलबुर्गी मार्ग २०१७ साली सुरू झाल्यावर.

या पट्ट्याला जे मिळाले ते रस्त्यानेच. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय सैन्याची मुख्य तुकडी सोलापूरहून याच रस्त्याने निघाली, नळदुर्गजवळ बोरी नदीवरचा पूल तिने ताब्यात घेतला, आणि १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात किल्लारी-सास्तूर भाग उद्ध्वस्त झाला, तेव्हाही उमरग्याकडे मदत रस्त्यानेच आली. म्हणून रस्ता आपला शत्रू आहे, असे मी म्हणणार नाही.

मग माल का गेला? रेल्वेला आज पुरा रेक हवा असतो. वाडीच्या सिमेंटला तो परवडतो. उमरग्याच्या व्यापाऱ्याच्या पन्नास पोत्यांना परवडत नाही. ती पोती ट्रकवर चढतात. टपालाचे पार्सलही आता बरेचसे रस्त्याने जाते, आणि पुष्कळ ठिकाणी ती गाडी ठेकेदाराची असते.

त्या गाडीवरचा माणूस पाहा. आपला लोको पायलट कामावर चढताना सही करतो, उतरताना सही करतो. त्याचे तास मोजले जातात. ते कोणी दान दिलेले नाहीत. मे १९७४ च्या संपात आठ तासांची ड्यूटी ही आपली मागणी होती, आणि त्यासाठी हजारो कामगार तुरुंगात गेले. ट्रक ड्रायव्हरसाठी १९६१ साली मोटार वाहतूक कामगार कायदा झाला, त्यातही दिवसाला आठ तासांची मर्यादा होती. पण पाचपेक्षा कमी कामगार असलेल्या मालकाला तो सहसा लागू नव्हता. एक-दोन ट्रकवाल्याचा ड्रायव्हर बाहेरच राहिला. गाडी एका राज्यात नोंदलेली, माल दुसऱ्या राज्यात भरलेला, अपघात तिसऱ्यात. दाद कुठे मागायची?

१ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि विक्रीकराची नाकी उठली. फेब्रुवारी २०२१ मध्ये टोलवर फास्टॅग सक्तीचा झाला. गाडी लवकर पोचू लागली. पण जिथे पगार फेरीवर आहे, तिथे वाचलेला वेळ ड्रायव्हरच्या झोपेत जात नाही, पुढच्या फेरीत जातो. दमलेल्या ड्रायव्हरच्या गाडीसमोर रस्त्यावर कोण येईल? कदाचित आपल्याच कामगाराचे कुटुंब.

म्हणून आपल्या मागण्या तीन. रेल्वेने लहान व्यापाऱ्याचा माल पुन्हा घ्यावा. महामार्गावर ड्रायव्हर-क्लीनरला झोपण्याची, अंघोळीची सोय असावी आणि त्याचे तास मोजले जावेत. टपालाच्या ठेक्यात चालकाचे तास व पगार लिहिलेले असावेत.

मागणी कागदावर राहू नये. सोलापूर, कलबुर्गी, हैदराबाद या तिन्ही ठिकाणी आपले सभासद आहेत. मालधक्क्यावर ट्रक लागतो, आर.एम.एस.च्या दारात टपालाची गाडी लागते. तिथे ड्रायव्हरला विचारा : किती तास झाले, पगार कसा मिळतो? ते वहीत लिहा. ही वही हाती असेल तर अधिकाऱ्यासमोर आपल्याला नुसता आवाज चढवावा लागणार नाही.

कामगार एकजुटीचा विजय असो!