रिलेची थरथर



अध्यक्षाने आपल्या व्यवसायाच्या भवितव्यावर बोलावं, अशी प्रथा आहे. भवितव्यावर बोलणारी जाणती माणसं उद्याच्या परिसंवादात आहेत. मला मिळालेला वेळ मी एका दोषासाठी खर्च करणार आहे. हा दोष दीडशे वर्षांपूर्वीच्या तारायंत्रातला आहे. सेकंदाचा लहानसा अंश टिकणारी ती एका रिलेची थरथर होती. तिच्यापायी एका तारेवरून एकाच वेळी चार संदेश पाठवण्याची कल्पना कागदावरच राहिली असती. ती थरथर कशी ओळखली गेली आणि कशी आवरली गेली, हे सांगण्यासाठी मी इथे उभा आहे. समोर तार आणि टेलिफोन खात्यात आयुष्य घालवलेले कितीतरी चेहरे दिसताहेत, म्हणून तपशिलात शिरायला मला संकोच वाटत नाही.

आधी रिलेबद्दल. लांबच्या तारेतून करंट पलीकडे पोहोचतो तेव्हा त्याच्यात साउंडरची, म्हणजे संदेशाचे ठोके ऐकवणाऱ्या यंत्राची, जड पट्टी खणखणीत आपटण्याइतकं बळ उरलेलं नसतं. पण हलकी, नाजूक टांगलेली पट्टी तो ओढू शकतो. ती पट्टी ओढली गेली की तिथल्या तिथे दुसरं सर्किट जोडलं जातं आणि स्थानिक बॅटरी पुढचं काम करते. अमेरिकेत जोसेफ हेन्रीने 1835 च्या सुमाराला ही युक्ती करून दाखवली. रिले हा शब्द मूळचा घोडे बदलण्याचा. आपल्याकडे टप्प्याच्या डाकेत हेच होत असे. दमलेला घोडा चौकीवर राहायचा, ताजा घोडा पुढे निघायचा, आणि थैली मात्र तीच असायची. रिलेत थैलीच्या जागी फक्त खूण असते, करंट आहे की नाही एवढीच. ती खूण पुढच्या सर्किटाच्या हवाली करताना जराही बदलता कामा नये. रिलेचा सगळा धर्म एवढाच आहे, आणि तो पाळणं फार कठीण आहे.

शेकडो मैल खांब रोवून तार ओढायची म्हणजे पैसा पाण्यासारखा जातो. म्हणून असलेल्या तारेकडूनच जास्त काम कसं घ्यायचं, याचा विचार लवकर सुरू झाला. 1853 मध्ये व्हिएन्नाच्या विल्हेल्म गिन्टलने एकाच तारेवर दोन्ही दिशांनी एकदम संदेश पाठवण्याचे, म्हणजे डुप्लेक्सचे, प्रयोग केले. पुढे स्थिरावलेल्या पद्धतीत रिलेवर दोन सारख्या कॉइल उलटसुलट गुंडाळलेल्या असतात. आपण की, म्हणजे संदेश पाठवायची कळ, दाबली की निम्मा करंट खऱ्या तारेत जातो आणि निम्मा तिच्या नकलेत, म्हणजे तेवढाच रोध असलेल्या कृत्रिम तारेत. दोन्ही कॉइल एकमेकींचा परिणाम मिटवतात, म्हणून आपला रिले आपल्याच संदेशाला हलत नाही. समोरून आलेला करंट एकाच बाजूने येतो, तोल मोडतो आणि रिले वाजतो. पण लांब तार नुसता रोध नसते. ती विजेचा साठाही करते आणि की सोडल्यावर तो साठा उलटा बाहेर पडतो. बॉस्टनच्या जोसेफ स्टर्न्सने 1872 मध्ये कृत्रिम तारेला कंडेन्सर जोडला आणि ही नक्कल पुरी केली. तेव्हा कुठे डुप्लेक्स खरोखर कामाला आलं.

आपल्या देशाचा धागाही इथेच जुळतो. भारतीय तार खात्यातले लुई श्वेन्डलर यांनी डुप्लेक्सच्या तोलाचं गणित मांडणारा लेख 1874 मध्ये कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात लिहिला. तोलाचं गणित इथे किती निकडीचं होतं, हे पावसाळ्यात लाइनवर राबलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको. इन्सुलेटर ओले झाले की करंट खांबाखांबाला गळतो. सकाळी लावलेला तोल दुपारच्या सरीनंतर बिघडतो आणि नकली तार पुन्हा खरीशी जुळवावी लागते.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. दोन दिशांना दोन संदेश झाले. पण एकाच दिशेला दोन पाठवता आले तर दोन्ही मिळून चार होतात. थॉमस एडिसनने 1874 मध्ये वेस्टर्न युनियन कंपनीसाठी हे साधलं. त्याचा विचार असा होता. करंटला दोन गुण असतात, दिशा आणि जोर. पहिल्या तारमास्तरची की करंटची दिशा उलटवेल. दुसऱ्याची की जोर तिप्पट-चौपट करील. पलीकडे दोन रिले ठेवायचे. एक पोलराइझ्ड, त्याला फक्त दिशा कळते. करंट दुबळा असो की जोरकस, तो दिशेप्रमाणे इकडे किंवा तिकडे झुकतो. दुसरा साधा रिले, त्याची स्प्रिंग इतकी ताणलेली की दुबळ्या करंटला तो दाद देत नाही, जोरकस आला की मात्र ओढला जातो, मग दिशा कोणतीही असो. दोघांनी आपापल्या गुणापुरतं पाहायचं. वीज शिकलेल्या कुणालाही ही मांडणी ऐकून आनंदच होईल. मला आजही होतो.

पण ही मांडणी चालली नाही. म्हणजे चालता चालता अडखळू लागली.

समजा, दुसऱ्या तारमास्तरने लांब खूण, म्हणजे डॅश पाठवण्यासाठी की दाबून धरली आहे. तारेत जोरकस करंट आहे आणि पलीकडचा साधा रिले ओढलेला आहे. तेवढ्यात पहिल्या तारमास्तरने आपल्या संदेशासाठी दिशा उलटवली. एका दिशेचा करंट दुसऱ्या दिशेला जाताना शून्यातून जातो, त्याला दुसरी वाटच नाही. त्या क्षणी साध्या रिलेच्या लोहचुंबकात जीव नसतो. ताणलेली स्प्रिंग टपूनच बसलेली असते. ती पट्टी मागे खेचते. लगेच उलट दिशेचा करंट भरतो आणि पट्टी पुन्हा ओढली जाते. साउंडरवर डॅशच्या मधोमध चीर पडते आणि एका डॅशचे दोन ठिपके होतात. मोर्समध्ये डॅश म्हणजे 'टी' आणि दोन ठिपके म्हणजे 'आय'. पहिल्याने आपलं काम चोख करायचं आणि त्याच्या प्रत्येक उलटापालटीने दुसऱ्याचं अक्षर फाडायचं, अशी ही अवस्था होती. तार जितकी लांब, तितका तिच्यातला साठा जास्त, तितका शून्य ओलांडायला लागणारा वेळ जास्त आणि थरथर मोठी. न्यूयॉर्क ते शिकागो ही सुमारे हजार मैलांची तार. चार संदेशांची खरी गरज तिथेच होती आणि रोगही तिथेच बळावणारा होता.

शून्य टाळता येत नाही. स्प्रिंग सैल केली तर रिले दुबळ्या करंटलाही ओढला जातो. बॅटरी वाढवली तर तारेतली गळती वाढते. एडिसनने काय केलं, ते मी सावकाश सांगतो, कारण त्यातच माझा जीव अडकलेला आहे. त्याने रिलेची थरथर थांबवण्याचा नाद सोडला आणि ती साउंडरपर्यंत पोहोचू द्यायची नाही असं ठरवलं. साध्या रिलेने साउंडर थेट चालवायचा नाही. रिलेची पट्टी मागच्या बिंदूला टेकेल तेव्हाच मधलं एक वेगळं यंत्र, दुसरा साउंडर म्हणा, ओढला जावा. आणि तो ओढला गेला तरच वाचनाच्या साउंडरचं सर्किट तुटावं. आता शून्याच्या क्षणी पट्टी पुढच्या बाजूने सुटली तरी काही बिघडत नाही. तिला मागच्या बिंदूपर्यंत जायचं आहे. पोहोचली तरी तिथे एवढा वेळ टेकायचं आहे की मधल्या यंत्राची जड पट्टी हलेल. तेवढ्यात उलटा करंट भरतो आणि पट्टी परत ओढली जाते. तारमास्तरने खरोखर की सोडली असेल तर मात्र पट्टी मागे जाऊन ठरते आणि बातमी पोहोचते. मिनिटाला 25 शब्दांच्या वेगात मोर्सचा एक ठिपका सेकंदाच्या विसाव्या भागाइतका असतो. त्या विसाव्या भागाच्या आत खरं सुटणं आणि खोटं सुटणं वेगळं काढायचं होतं. दोन बिंदूंमधली फट आणि मधल्या पट्टीचं वजन यांच्या जोरावर ते वेगळं निघालं.

या जोडणीला तारवाले 'बग ट्रॅप' म्हणू लागले. यंत्रातल्या खोडीला एडिसन 'बग' म्हणत असे. 1878 च्या त्याच्या एका पत्रात हा शब्द याच अर्थाने येतो. पुण्यात संगणकावर काम करणारी आपली मुलं दिवसातून दहा वेळा हा शब्द उच्चारतात. 1947 मध्ये हार्वर्डच्या संगणकाच्या रिलेत पतंग सापडला आणि तो नोंदवहीत चिकटवला गेला, ही गोष्ट त्यांना ठाऊक असते. त्याआधी जवळजवळ सत्तर वर्षं हा शब्द रूढ होता आणि तारेच्या रिलेशी त्याचं नातं होतं, हे त्यांना आपण सांगायला हवं.

पुढे या रिलेवर पुष्कळांनी हात फिरवला. वेस्टर्न युनियनच्या गेरिट स्मिथने चौपदरी यंत्रात सुधारणा केल्या. रिलेवर तिसरी कॉइल गुंडाळून, दिशा उलटते त्याच क्षणी तिच्यात कंडेन्सरमधून किंवा इंडक्शन कॉइलमधून एक झटका सोडायचा आणि शून्याच्या क्षणापुरती पट्टी धरून ठेवायची, अशाही जोडण्या निघाल्या. बॅटऱ्यांच्या रांगा जाऊन डायनामो आले. यंत्राच्या मालकीवरून मात्र मोठं भांडण झालं. 1875 च्या जानेवारीत भांडवलदार जे गुल्डने 30 हजार डॉलरला एडिसनचे हक्क घेतले. वेस्टर्न युनियन कोर्टात गेली आणि तो खटला गाजला. त्या व्यवहारात मला रस नाही. पण त्या खटल्याने एक मोठी गोष्ट मागे ठेवली. कोणती कॉइल कुणी कधी जोडली आणि ती का चालली नाही, यावर पानंच्या पानं साक्षी झाल्या. त्या साक्षी, एडिसनच्या वह्यांतली रेखाटनं, पेटंटचे कागद आणि वेस्टर्न युनियनच्याच जॉर्ज प्रेस्कॉटचं 1877 चं पुस्तक, हे सगळं टिकलं. म्हणून दीडशे वर्षांनी मी तुम्हाला त्या थरथरीची हकिगत खिळ्याखिळ्यासकट सांगू शकतो.

आता आपल्याकडची गोष्ट सांगतो. सत्तरच्या दशकात मी ज्या खोलीत काम शिकलो, तिथे एका बोलण्याच्या सर्किटवर टेलिप्रिंटरचे 24 चॅनेल चालत. दर 120 हर्ट्झला एक, असे 24 वेगळे सूर. प्रत्येक सुराच्या शेवटी एक पोलराइझ्ड रिले असे आणि त्या रिलेवर कुणाच्या तरी लग्नाची, मयताची किंवा नोकरीची बातमी अवलंबून असे. एकदा एका चॅनेलवर अक्षरं चुकीची उमटू लागली. मी रिले काढला, कॉन्टॅक्ट काळवंडलेले दिसले, म्हणून बारीक कानस लावून लख्ख केले आणि परत बसवला. अक्षरं आणखी बिघडली. आमचे वरिष्ठ, त्यांना आम्ही दादा म्हणत असू, शेजारी येऊन बसले. त्यांनी लाइनवर एकसारख्या उलटापालटीचा सिग्नल मागवला आणि मधोमध शून्य असलेलं मीटर लावलं. काटा एका बाजूला कलला. म्हणजे रिले एका बाजूला जास्त वेळ रेंगाळत होता. टेलिप्रिंटरचा एक अंश 20 मिलिसेकंदांचा. त्यातला पाचवा भाग इकडचा तिकडे गेला तरी अक्षर धोक्यात येतं. कानशीने मी एका बाजूची फट वाढवून ठेवली होती. दादांनी स्क्रू पाव फेऱ्याहूनही कमी फिरवला, काटा शून्यावर आणला आणि माझा हात धरून रिलेच्या पेटीवर ठेवला. "ऐक, आता तो दोन्हीकडे सारखा बोलतोय." खरोखरच ती गुणगुण एकसारखी झाली होती. कॉन्टॅक्टला कानस लावायची नाही, हे मी त्या दिवशी शिकलो.

दादा आता नाहीत. त्यांच्या हाताला जे ठाऊक होतं, ते कुठल्याही पुस्तकात नाही. खात्याची नियमपुस्तकं इंग्रजीत होती; त्यांत फट किती ठेवायची हे मिलिमीटरमध्ये दिलेलं असे. पण फट बिघडली की यंत्र कसं बोलतं, पावसाळ्यात कोणता चॅनेल आधी रुसतो, कोणत्या रिलेला हात लावायचा आणि कोणत्याला नाही, हे सगळं चहाच्या वेळी मराठीतून सांगितलं जात होतं. 2013 च्या जुलैत तारसेवा बंद झाली. रिले भंगारात गेले. ही माहिती तोंडी चालत आली होती, ती माणसांबरोबर संपते आहे, आणि त्याचं मला मनापासून दुःख आहे. अमेरिकेतल्या एका रिलेचा दोष आपण अभ्यासू शकतो आणि आपल्याच शहरातल्या तारघरांतले दोष अभ्यासू शकत नाही, हे मला सहन होत नाही.

म्हणून माझी एक मागणी आहे. या सभागृहात ज्यांनी तारेवर, एक्स्चेंजवर, रेल्वेच्या सिग्नलवर किंवा गिरणीच्या विद्युत विभागात हाताने काम केलं आहे, त्या प्रत्येकाने एका दोषाची हकिगत लिहावी. एकच दोष घ्या. यंत्राचं नाव, साल आणि ठिकाण लिहा. दोष कसा दिसला, आधी काय करून पाहिलं, ते का फसलं आणि शेवटी कशाने जमलं, ते लिहा. जमलं तर हाताने आकृती काढा. शब्द कामावर वापरायचात तेच ठेवा. फटीला फट म्हणा, ताणाला ताण म्हणा. ज्यांना लिहिणं जड जातं, त्यांच्याशेजारी आपल्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी वही घेऊन बसावं. त्यांना मी आत्ताच इथे ही विनंती करतो. जेवणाच्या सुटीत दाराशी कोऱ्या कागदांचा गठ्ठा आणि पेनं ठेवलेली असतील. पहिलं पान मी काल रात्री लिहिलं आहे, त्या कानशीचं. दुसरं पान तुमच्यापैकी कुणीतरी आज संध्याकाळपर्यंत माझ्या हातात द्यावं.