गुपित कोणाचे, पहारा कोणावर?



चेन्नईजवळच्या आवडीचे नाव देशाला दोन कारणांनी ठाऊक आहे. जानेवारी १९५५ मध्ये येथे भरलेल्या काँग्रेस अधिवेशनाने समाजवादी धर्तीच्या समाजरचनेचा ठराव केला. आणि १९६५ मध्ये येथील अवजड वाहन कारखान्यातून पहिला ‘विजयंता’ रणगाडा बाहेर पडला. जेथे रणगाडे घडतात तेथे काही गोष्टी गुप्त राखाव्याच लागतात. चिलखताची रचना शत्रूच्या हाती गेली, तर तिची किंमत सीमेवरचा जवान, म्हणजे शेतकऱ्याचा आणि कामगाराचा मुलगा, रक्ताने चुकवतो. म्हणून गोपनीयतेची शिस्त कामगारवर्गाला परकी नाही.

प्रश्न वेगळाच आहे. गुपित फुटते कोठून, आणि पहारा बसतो कोणावर?

१९२३ चा शासकीय गुपिते कायदा परकीय सत्तेने केला. प्रजा हीच संशयित, हे त्याचे गृहीतक. ‘गुप्त’ म्हणजे काय, याची व्याख्या त्यात नाही. मात्र कलम ५ अन्वये माहिती देणारा व घेणारा असे दोघेही गुन्हेगार ठरू शकतात. स्वातंत्र्यानंतरही हा कायदा कायम राहिला.

जानेवारी १९८५ मध्ये दिल्लीत हेरगिरीचे मोठे प्रकरण उघडकीस आले. गुप्त कागद प्रत्यक्ष पंतप्रधानांच्या कार्यालयातून बाहेर जात होते. ते विकत घेणारा मनुष्य एका व्यापारी कंपनीचा प्रतिनिधी होता, आणि कागद परकीय हस्तकांपर्यंत पोहोचत होते. पंतप्रधानांचे प्रधान सचिव पी. सी. अलेक्झांडर यांना पद सोडावे लागले. ही गळती यंत्रावर काम करणाऱ्या कामगारामुळे झाली नव्हती. सत्तेच्या दालनात व्यापारी दलालाला मिळालेल्या मोकळ्या वावरामुळे झाली होती.

हा धडा विसरला गेला. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुधनिर्माणी मंडळ मोडून ४१ कारखाने सात कंपन्यांत वाटले गेले. त्यांपैकी चिलखती वाहनांच्या कंपनीचे मुख्यालय आवडीत आहे, आणि आपल्या अंबरनाथचा मशीन टूल प्रोटोटाइप कारखानाही तिच्याच अखत्यारीत गेला. कामगार संघटनांनी संपाचा निर्णय केला, तेव्हा ३० जून २०२१ रोजी संपबंदीचा अध्यादेश निघाला. पहारा पुन्हा कामगारावरच बसला! उद्या नफ्याच्या हिशेबाने कामे बाहेर दिली गेली, तर रेखाटनेही अनेक ठेकेदारांच्या टेबलांवर जातील. गुपित जितक्या हातांतून फिरते, तितके ते फुटण्याची भीती वाढते, हे कोणत्याही फोरमनला कळते.

म्हणून मागणी स्पष्ट हवी. गुप्त काय, हे कायद्याने नेमके सांगावे. कागदावर गुप्ततेचा शिक्का मारणाऱ्याने कारण व मुदत नोंदवावी. असा कागद ज्याच्या कामाला लागतो त्याच्याच हाती जावा, आणि तो कोणाकोणाच्या हाती गेला याची नोंद वरिष्ठ अधिकाऱ्यालाही चुकू नये. परंतु कारखान्यातील अपघात, ठेक्यांचे दर, कारखाना विकण्याचे बेत ही काही रणगाड्याची गुपिते नव्हेत. गुप्ततेपेक्षा लोकहित मोठे असेल तेथे माहिती देता येते, हे २००५ च्या माहिती अधिकार कायद्याचे कलम ८(२) मान्य करते.

देशाचे गुपित कामगार प्राणपणाने राखील. राज्यकर्त्यांची लबाडी झाकून ठेवणे हे मात्र त्याचे कर्तव्य नाही.