वर निकाल पहिला, खाली वर्ग रिकामा



आपल्याकडचे एक नवल सांगतो. दहावीच्या परीक्षेसाठी कोकणचे मंडळ वेगळे आहे. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे दोनच जिल्हे त्यात येतात. २०१२ पासून दरसाल हे मंडळ राज्यात पहिले येते. २०२५ साली निकाल ९८.८२ टक्के लागला.

आता खाली पहिलीच्या वर्गात डोकावा. जिल्हा परिषदेच्या कितीतरी शाळांचा पट विसाच्याही आत आला आहे.

मुले गेली कुठे? एक तर मुलेच कमी. माणसे मुंबईला गेली. २००१ साली आपल्या जिल्ह्यात सुमारे १६ लाख ९७ हजार माणसे होती. २०११ च्या शिरगणतीत ती १६ लाख १५ हजार भरली. घराला कुलूप, मग शाळेत पोर कुठून येणार? जी उरली, त्यांतली बरीच इंग्रजी शाळेच्या गाडीत बसतात. दुसऱ्याला कशाला नावे ठेवू? माझा नातू त्याच गाडीने जातो. मी सुनेला अडवले नाही.

पट घटला की शिक्षक घटतात. कायद्याने साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक. वर्ग चार, गुरुजी दोन. त्यांतले एक तालुक्याला सभेला गेले, की चारही वर्ग एकाच्याच गळ्यात. अभ्यास मागे पडतो. मग आईबाप आणखी एक पोर काढून नेतात.

आपल्या हातात काहीच नाही का? आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समिती आली. तिच्यात चारांतले तीन सभासद पालक, आणि निम्म्या बायका. शिक्षक वेळेवर येतात का, पैसा कुठे खर्च झाला, हे तिने बघायचे.

आता माझी चूक सांगतो. मी मुख्याध्यापक असताना सभेची वही आधीच घरी लिहून नेत असे. पालक अंगठा देत. मलाही ते सोयीचे होते. एकदा साक्षरता वर्गाला जाणाऱ्या एका बाईंनी वही हातात घेतली. बोट ठेवून सावकाश वाचली. म्हणाल्या, "गुरुजी, गळक्या कौलांचं ह्यात काय नाय."

खरेच नव्हते. त्या दिवशी सभा दोन तास चालली. पाऊस लागायच्या आत कौले बदलून झाली.